आईसाठी कॅमेरा: पेन्सिल सेलचा की चार्जिंगचा?

ऑटो मोड दोन्हींत असतो, स्वस्तातल्या कॅमेऱ्यांच्या फोटोंतही फारसा फरक नसतो. खरा प्रश्न बॅटरीचा. पेन्सिल सेलचा कॅमेरा जाडसर, थोडा जड, पण थरथरत्या हातातही पक्का बसतो. सेल संपले तर कुठेही मिळतात. मात्र साधे अल्कलाइन सेल फ्लॅश वापरला की भराभर उतरतात; 1.2 व्होल्टचे रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल इथे जास्त टिकतात. (चार्जर चांगलाच घ्या.)

चार्जिंगचा, म्हणजे लिथियम बॅटरीचा कॅमेरा सडपातळ, पर्समध्ये सहज मावतो. पण बॅटरी ठरावीकच लागते.

आई मोबाइल न चुकता चार्ज करत असेल तर लिथियम, नाहीतर मी पेन्सिल सेलचाच घेईन. आधी बटणं तिला स्वतः दाबून पाहू द्या.