जुना बोर्ड, लहान शीड : नाशिकमध्ये विंडसर्फिंग शिकताना आठ महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबरमध्ये घेतलेला विंडसर्फिंगचा बोर्ड, म्हणजे शीड लावून वाऱ्यावर चालवायची तरंगती फळी, गेल्या रविवारी धुतला, पुसला आणि पार्किंगच्या छताला दोन रुंद पट्ट्यांवर टांगून ठेवला. आता पावसाळा संपेपर्यंत सुट्टी. या आठ महिन्यांत ४१ दिवस पाण्यावर गेलो. त्यातले १२ दिवस वाराच नव्हता, नुसता बसून आलो. तरी आता जे येतं ते असं : उभा राहतो, शीड उचलतो, आडव्या वाऱ्यावर अर्धा किलोमीटर जातो, वळतो आणि निघालो तिथेच परत येतो. विंडसर्फिंगमधली खरी परीक्षा ही शेवटचीच. जायला सगळ्यांना जमतं.

नाशिकला समुद्र नाही म्हणून हा खेळ नाही, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. पण शिडाला लागतो तो वारा आणि मोकळं पाणी, आणि आपल्याकडे धरणं आहेत : गंगापूर आहे, दारणा आहे, मुकणे आहे, वैतरणा आहे. रोइंगमध्ये २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला गेलेला दत्तू भोकनळ आपल्या चांदवड तालुक्याचा. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत इबाद अलीने विंडसर्फिंगमध्ये भारताला कांस्य मिळवून दिलं, ते वाचलं आणि त्याच आठवड्यात जुन्या बोर्डांची चौकशी सुरू केली.

चौकशीत पहिली चूक झाली. लोक म्हणाले, नाशिकला वारा कमी, तेव्हा शीड मोठं घ्या. ऐकायला बरोबर वाटलं. ७.५ चौरस मीटरचं शीड ६,००० रुपयांत मिळालं आणि मी ते घेऊन टाकलं. शीड पाण्यात पडलं की त्यावर पाणी बसतं, आणि दोरीने ते उचलताना तुम्ही शिडाबरोबर त्या पाण्याचंही वजन ओढत असता. पहिल्या दिवशी सात वेळा ओढलं, चार वेळा अर्ध्यावरून पाण्यात गेलो, कंबर दोन दिवस धरून होती. माझं वजन ७४ किलो आहे, रोज अंबडला मशीन शॉपमध्ये उभं राहून काम करतो, अंगात ताकद नाही असं नाही. पण नवशिक्याला ते शीड झेपत नाही. ते आजही माळ्यावर गुंडाळलेलं आहे.

त्यानंतर ५ चौरस मीटरचं डॅक्रॉन कापडाचं शीड, दोन तुकड्यांची मास्ट (शिडाची उभी काठी) आणि बूम (हाताने धरायचा आडवा दांडा) असा जुना संच १४,००० ला घेतला. डॅक्रॉन म्हणजे विणलेलं पॉलिस्टर कापड. पारदर्शक प्लॅस्टिकच्या शिडापेक्षा ते मऊ, पडण्या-आपटण्याला सोसणारं आणि दुरुस्त करायला सोपं. शीड लहान झालं तसं दिवसातलं पडणं कमी झालं नाही, पण पडून पुन्हा उभं राहणं दहापट वाढलं. शिकणं तिथेच होतं. माझ्या १४ वर्षांच्या मुलीने एका ओळखीच्याकडून आणलेल्या साडेतीनच्या शिडावर दोन संध्याकाळींत सरळ जायला सुरुवात केली. मला त्याला तीन आठवडे लागले होते.

बोर्ड मात्र मोठाच हवा. माझा पुण्याहून आला, १८,००० ला, २०५ लिटरचा, मधोमध पाण्यात खाली-वर होणारी पट्टी, म्हणजे डॅगरबोर्ड, असलेला. किशोरांच्या स्पर्धांत चालणारा टेक्नो २९३ हा याच मापाचा, २०५ लिटर आणि २९३ सेंटिमीटर लांब. बोर्ड कितीही जुना असू द्या, डॅगरबोर्ड आहे का ते आधी बघा. मंद वाऱ्यात तो खाली सोडला की बोर्ड बाजूला घसरत जात नाही, वारा येतो त्या दिशेला तिरकं चढता येतं. तो नसता तर मी दर वेळी समोरच्या काठावरून बोर्ड डोक्यावर घेऊन चालत आलो असतो.

सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे मात्र या कशातच नाहीत. ते गोव्यातल्या तीन दिवसांच्या वर्गात गेले. मंगला एक्स्प्रेस नाशिकरोडहून थेट मडगावला नेते, शिकवणी ९,००० रुपये, रोज दोन तास. तिथला पोरगा माझ्या निम्म्या वयाचा. पहिल्याच तासाला म्हणाला, "काका, ओढू नका. गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा आणि नुसते मागे झुका. शिडावरचं पाणी गळू दे, मग ते आपोआप वर येतं." नाशिकला एकट्याने झगडून तीन महिन्यांत हे कळलं नसतं. वळवणंही त्यानेच हाताला धरून दाखवलं. मास्ट पुढे झुकवली की बोर्डाचं नाक वाऱ्यापासून लांब जातं, मागे झुकवली की वाऱ्याकडे येतं. वारा जिथून येतो त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांच्या पट्ट्यात बोर्ड चालतच नाही, म्हणून वाऱ्याकडे जायचं तर नागमोडी जायचं. हे आधी शिका आणि मग सामान घ्या. मी उलटं केलं आणि ६,००० घालवले.

आता नाशिकचा वारा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जलाशय काठोकाठ आणि वारा जेमतेम. नवशिक्याला हे वाईट नाही, तोल सांभाळायला, शीड उचलायला आणि बोर्ड जागच्या जागी फिरवायला हेच दिवस बरे. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पाणी आरशासारखं, आणि थंडी अशी की बोटं बूमला धरत नाहीत. फेब्रुवारीपासून दुपारनंतर पश्चिमेचा वारा लागायला लागला. मार्च ते मे या महिन्यांत चार वाजल्यानंतर तो रोज नाही तरी आठवड्यात तीन-चार दिवस नक्की आला. मी जे काही शिकलो ते याच तीन महिन्यांत. पण पश्चिमेला अंजनेरी-त्र्यंबकचे डोंगर आहेत, त्यामुळे वारा एकसारखा येत नाही, झोताझोताने येतो. दहा सेकंद काही नाही, मग एकदम हिसका. पाण्यावर काळपट सुरकुत्या सरकत येताना दिसल्या की झोत येतोय हे ओळखायला शिकलो, आणि त्यानंतर पडणं बरंच कमी झालं.

वारा मोजायचं यंत्र घेतलं नाही. काठावरची पानं आणि बारीक फांद्या सतत हलतायत, झेंडा फडकून आडवा राहतोय, तर वारा ७ ते १० नॉट, म्हणजे ताशी १३ ते १९ किलोमीटर. तो आपला. रस्त्यावरची धूळ आणि कागद उडायला लागले की ११ च्या पुढे गेला, तेव्हा सुरुवातीचे दोन-तीन महिने तरी काठावरच बसावं.

फेब्रुवारीतली एक संध्याकाळ. वारा छान होता, मी लांब गेलो आणि सूर्य खाली गेला तसा वारा एकदम पडला. काठ सहाशे मीटर लांब. शीड बोर्डाच्या मागच्या बाजूला आडवं टाकलं, त्यावर पालथा पडलो आणि दोन्ही हातांनी पाणी मारत आलो. चाळीस मिनिटं लागली, खांदे भरून आले, काठाला लागलो तेव्हा अंधार पडलेला. जाळी काढणारे एक बाबा तिथे होते. म्हणाले, "भाऊ, दिस मावळायच्या आत वारं पडून जातं इथलं. तासभर उजेड हातात ठेवून फिरत जा." तेव्हापासून तसंच करतो. बोर्ड सोडून पोहत कधीच निघायचं नाही हेही त्या दिवशी मनात पक्कं झालं, कारण बोर्ड तरंगतो आणि लांबून दिसतो. त्यांच्या जाळ्यांचे थर्मोकोलचे तुकडे कुठे असतात तेही बाबांनी दाखवलं. फिन, म्हणजे बोर्डाखालचा पंख, जाळ्यात अडकली तर आपलं नुकसान थोडं, त्यांचं पुष्कळ.

लाइफ जॅकेट नवीनच घ्या, अंगाला घट्ट बसणारं. माझं २,२०० चं आहे. पट्टीचे पोहणारे असाल तरी घाला. आणि गंगापूर हे शहराचं पिण्याचं पाणी आहे. जलक्रीडेला परवानगी आहे तिथूनच, तिथल्या माणसांना विचारून उतरावं, आणि धरणाच्या भिंतीपासून व दरवाजांपासून लांब राहावं. पश्चिमेचा वारा भिंतीच्याच दिशेने ढकलतो, हे उतरण्याआधी ध्यानात असू द्या.

दुरुस्तीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण जुनं सामान स्वस्त पडतं की महाग ते इथे ठरतं. जानेवारीत बोर्डाची कड दगडावर आपटून टवका उडाला. जवळच्या गॅरेजवाल्याने फायबर लावून देतो म्हटलं होतं. बरं झालं, आधी चौकशी केली. गाड्यांना लावतात ते रेझिन बहुतेक वेळा पॉलिस्टरचं असतं आणि या बोर्डांच्या आत असतो थर्मोकोल. तो त्या रेझिनने विरघळतो. इथे इपॉक्सी रेझिनच लागतं. खड्डा दोन दिवस उन्हात पूर्ण सुकवला, आतलं पाणी जाऊ दिलं, मग इपॉक्सी आणि काचेच्या कापडाचे दोन थर. अजून टिकलंय. शीड ताठ ठेवणारी काडी बसवायचा खिसा उसवला तो भद्रकालीत ताडपत्री शिवणाऱ्या चाचांनी दीडशे रुपयांत शिवून दिला. त्यांना पॉलिस्टरचाच दोरा घाला म्हणून सांगितलं, सुती दोरा पाण्याने कुजतो. मास्टच्या बुडाशी जो रबरासारखा लवचिक सांधा असतो तो दर वेळी वाकवून बारीक चिरा बघतो. पाण्यात तुटला तर शीड आणि बोर्ड वेगळे होतात. हा एक भाग मी नवा मागवला. सगळ्या दुरुस्त्या मिळून १,१०० रुपये.

बोर्डावर हवेचा एक छोटा स्क्रू असतो. गाडीच्या टपावर मे महिन्याच्या उन्हात आतली हवा फुगते, म्हणून नेताना तो सैल ठेवायचा आणि पाण्यात उतरण्याआधी आवळायचा. एकदा विसरलो, बोर्डात पाणी गेलं, आठवडाभर उलटा टांगून सुकवावा लागला. आता स्क्रूला लाल फीत बांधलीय. टपाच्या कॅरियरला ३,५०० लागले. बांधायला साधे बकलचे पट्टे वापरा, ट्रकवाले वापरतात तसल्या कडकड आवळणाऱ्या पट्ट्यांनी बोर्डाला पोचा येतो.

एकूण हिशोब ५३,८००, त्यात चुकीच्या शिडाचे ६,००० धरून. रेल्वेभाडं, राहणं आणि पेट्रोल वेगळं. एका वेळी इतके घालायचे नसतील तर आधी फक्त शिकवणी आणि लाइफ जॅकेट घ्या, आणि बोर्ड दोघा-तिघांत मिळून. वारा असतो त्या दिवशीसुद्धा एका माणसाचे हात तासाभरात दमतात, तोवर दुसरा काठावरून लक्ष ठेवतो. मी आणि मुलगी तसंच करतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोनदा ढग भरून आले आणि वारा अर्ध्या मिनिटात दुप्पट झाला. दोन्ही वेळा आम्ही काठावर होतो, तरी सामान गोळा करून घरी आलो. शिडाच्या काड्यांचा ताण सोडलाय, मास्टच्या सांध्यातली वाळू धुतलीय, नाहीतर दोन तुकडे एकमेकांत रुतून बसतात. मुलीची उंची वाढतेय, ऑक्टोबरमध्ये तिला माझं पाचचं शीड झेपेल. तोवर माझ्यासाठी सहाचं कुठे जुनं मिळतंय का ते बघायचं आहे.