आडवी बाटली करायची आहे : व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप की खंजेरी?

गावातलं सरकारमान्य देशी दारूचं दुकान बंद करायचं तर 2008 च्या शासन आदेशानुसार आधी सह्यांचा अर्ज आणि मग गुप्त मतदान. अर्ज महिला मतदारांच्या वतीने असेल तर किमान 25 टक्के सह्या लागतात. मतपत्रिकेवर उभी बाटली (दुकान सुरू) आणि आडवी बाटली (दुकान बंद) अशी दोन चित्रं असतात. आडवीला 50 टक्क्यांहून जास्त मतं पाहिजेत, आणि ही टक्केवारी पडलेल्या मतांची नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांची. म्हणजे यादीत 600 बाया असतील तर अर्जाला 150 सह्या आणि मतदानात 301 आडव्या. 400 जणी आल्या, 290 जणींनी आडवी केली, तरी दुकान सुरूच. घरी बसलेली बाई उभ्या बाटलीच्या खात्यात जाते. बाया जमवायला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वापरायचा की खंजेरीवरचं भजन-कीर्तन, हे या आकड्यावरूनच ठरवा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फुकट आहे आणि दहा मिनिटांत तयार होतो. पण ग्रुपमध्ये आहे कोण, ते आधी बघा. बऱ्याच घरांत फोन नवऱ्याच्या किंवा पोराच्या खिशात असतो. त्यातलाच एखादा संध्याकाळी दुकानात बसलेला असतो, आणि तुमच्या बैठकीची वेळ बैठकीआधी गल्ल्यावर पोचते. शिवाय ग्रुपवरचा अंगठा ही सही नव्हे. 200 अंगठे आले म्हणून बाया निश्चिंत राहतात आणि कागदावर 90 च सह्या निघतात. लिहिलेला मेसेज म्हाताऱ्या वाचत नाहीत. त्यांच्यासाठी वऱ्हाडीत किंवा पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीत, ओळखीच्या बाईच्या आवाजात, अर्ध्या मिनिटाचा ऑडिओ टाका.

भजन आणि कीर्तनाचं पारडं इथे जड आहे, आणि त्याला कारण आहे. गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांकडून काढून घेत. तुकडोजी महाराजांच्या खंजेरीने व्यसनमुक्तीचा विषय गावोगावच्या प्रार्थनेत नेला. ती सवय विदर्भात अजून जिवंत आहे. चार लोकांत मोठ्याने "हो" म्हटलेली बाई दुसऱ्या दिवशी सहीला सहसा मागे फिरत नाही. भजनाला आलेल्या बाईला घरीही जाब द्यावा लागत नाही. दारूबंदीच्या बैठकीला गेली तर द्यावा लागतो.

अडचणी भजनातही आहेतच. ऑक्टोबर ते जानेवारी कापूस वेचणी असते. वावरातून आलेली बाई स्वयंपाक आटोपून आठ वाजता मोकळी होते आणि लाउडस्पीकर दहाला बंद करावा लागतो. दोन तासांत भजन, विषय आणि सह्या बसत नाहीत. त्या रात्री फक्त विषय काढा, सह्या दुसऱ्या दिवसापासून घरोघरी. दुसरी अडचण बसण्याची. भजन एकाच वस्तीच्या मंदिरापुढे झालं तर दुसऱ्या वस्तीच्या बाया येत नाहीत. गावात चार वस्त्या असतील तर चार ठिकाणी कार्यक्रम ठेवा, बौद्ध वस्तीत विहारात.

झाडीपट्टीत दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, दंडार (तिथलं लोकनाट्य) किंवा नाटक ठेवायचा मोह होतो. गर्दी भरपूर जमते, पण त्यात पाहुणेच जास्त, आणि त्यांचं नाव तुमच्या यादीत नसतं. खर्चाच्या मानाने पदरात काही पडत नाही.

सह्या गोळा करताना मात्र खंजेरीही कामाची नाही आणि फोनही नाही. मतदारयादीची छापील प्रत घ्या आणि प्रत्येक सहीसमोर यादीतला अनुक्रमांक लिहा. पडताळणीत सह्या गळतात त्या इथेच: गावात नाव एक आणि यादीत दुसरं, लग्न होऊन गेलेल्या मुली अजून यादीत, अंगठ्यासमोर नाव नाही. 150 लागत असतील तर 200 नेऊन द्या. लग्न होऊन गेलेल्या आणि मयत बायांची नावं वगळण्याचे अर्ज आधीच भरा. ती नावं राहिली तर एकूण आकडा फुगतो आणि निम्म्याची रेघ वर सरकते.

व्हॉट्सअ‍ॅपचं खरं काम मतदानाच्या आठवड्यात. तेव्हा लपवण्यासारखं काही उरत नाही. दर वीस घरांमागे एक बाई नेमा आणि फक्त या बायांचा छोटा ग्रुप करा. कोण मजुरीला परगावी गेली, कोण माहेरी आहे, कोणाला गाडी लागेल, ही माहिती त्यात फिरू द्या. मतदानाच्या दिवशी दुपारी बारापर्यंत न आलेल्यांची नावं टाका आणि त्यांच्या घरी माणूस पाठवा. ही चपळाई खंजेरीला जमत नाही.

थोडक्यात निवड करायची तर अर्ज देईपर्यंत भजन आणि घरोघर फेरी, तारीख लागल्यावर फोन. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर मतदारयादीच्या छापील प्रतीला द्या.

वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदी जिल्हे, तिथे हा हिशोब नाही. परवान्याचं दुकानच नाही, प्रश्न चोरट्या विक्रीचा आहे, म्हणून तिथे फोन पुढे. पण पानठेल्यामागच्या खोक्यांचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका. पोलीस येईपर्यंत माल हललेला असतो. तारीख, वेळ आणि जागा लिहून तो थेट ठाण्यात द्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.