हिरड्याचे पोते आणि संयुक्त समितीचा अहवाल : पुण्यातील एका अभ्यासवर्गाचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात कर्वे रस्त्यालगतच्या एका लहानशा सभागृहात सहा शनिवार चाललेला एक अभ्यासवर्ग मी पूर्ण केला. निसर्गसंरक्षणाची आणि जैवविविधतेची विधेयके संसदेत कशी तपासली जातात, हे मूळ कागद हातात देऊन शिकवणारा हा वर्ग होता. शुल्क 1800 रुपये, वेळ सायंकाळी पाच ते साडेसात. मी वकील नाही की पर्यावरणाची अभ्यासक नाही. रविवार पेठेत आमचे काष्ठौषधींचे दुकान आहे आणि सासऱ्यांच्या मागे ते मी सांभाळते. 2023 मध्ये जैविक विविधता कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे आमच्या खरेदीत नेमके काय बदलले, हे मला कोणीच नीट सांगू शकत नव्हते, म्हणून मी नाव नोंदवले.

वर्गाची पद्धत मला फार आवडली. समितीचा अहवाल पहिल्या पानापासून वाचायचा नाही, शेवटापासून वाचायचा, असे पहिल्याच दिवशी सांगण्यात आले. आधी सदस्यांची भिन्नमताची टिपणे पाहायची, मग बैठकांचे वृत्तान्त, मग प्रत्येक खंडावर, म्हणजे विधेयकातल्या प्रत्येक कलमावर, कोणी काय निवेदन दिले आणि मंत्रालयाने त्याला काय उत्तर दिले ते, आणि शिफारशी सर्वांत शेवटी. शिफारस कितीही सौम्य शब्दांत लिहिलेली असली तरी मंत्रालयाला काय विचारले गेले होते आणि त्याने कोणत्या प्रश्नाला बगल दिली, हे उत्तरांच्या भाषेवरून कळते. संसदीय छाननीचा खरा ऐवज या प्रश्नोत्तरांत असतो, ही या वर्गाची मध्यवर्ती शिकवण होती आणि ती मला पूर्णपणे पटली.

अभ्यासाला तीन विधेयके होती. वन्यजीव (संरक्षण) दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2021 मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि विज्ञान, तंत्रज्ञान, पर्यावरण, वने व हवामानबदल या विषयांच्या स्थायी समितीकडे गेले. त्या वेळी समितीचे अध्यक्ष जयराम रमेश होते आणि अहवाल एप्रिल 2022 मध्ये आला. त्याच डिसेंबरात मांडलेले जैविक विविधता (दुरुस्ती) विधेयक मात्र संजय जयस्वाल यांच्या अध्यक्षतेखालील, दोन्ही सभागृहांतील सदस्यांच्या संयुक्त समितीकडे देण्यात आले. तिचा अहवाल ऑगस्ट 2022 मध्ये सादर झाला. वन (संवर्धन) दुरुस्ती विधेयक 29 मार्च 2023 रोजी मांडले गेले आणि तेही 31 सदस्यांच्या संयुक्त समितीकडेच गेले. विषय स्थायी समितीच्या कक्षेतला असताना वेगळी समिती का नेमली, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता.

बातमीत आपण एवढेच वाचतो की विधेयक समितीकडे पाठवले. कोणत्या समितीकडे पाठवले याने काय फरक पडतो, हे मला येथे प्रथम समजले. स्थायी समिती कायम असते, तिचे सदस्य त्याच मंत्रालयाचे अर्थसंकल्प आणि इतर विषयही पाहत असल्यामुळे आधीचे संदर्भ त्यांच्याजवळ असतात, परंतु तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. संयुक्त समिती एका विधेयकापुरतीच नेमली जाते, मात्र ती खंडनिहाय विचार करून मसुद्यातच बदल सुचवू शकते आणि सुधारलेला मसुदा अहवालासोबत सभागृहापुढे ठेवते. त्या मसुद्यात बदललेल्या शब्दांखाली रेघ असते आणि गाळलेल्या मजकुराच्या जागी तारका असतात. आम्हाला लाल आणि निळी पेन्सिल देऊन त्या रेघा आणि तारका मूळ विधेयकाशी ताडून पाहायला लावले. एरवी रुक्ष वाटणारे हे काम तीन तास कसे गेले हे कळू न देणारे ठरले, आणि त्या दिवशी सभागृह वेळेवर रिकामे झाले नाही म्हणून रखवालदार दोनदा येऊन गेला.

वन विधेयकाच्या बाबतीत पेन्सिल चालवण्याची वेळच आली नाही, कारण समितीने एकही बदल सुचवला नव्हता. अहवाल 20 जुलै 2023 रोजी आला, 26 जुलैला लोकसभेने आणि 2 ऑगस्टला राज्यसभेने विधेयक मंजूर केले. विरोधी सदस्यांची भिन्नमताची टिपणे मात्र अहवालाला जोडलेली आहेत. पुढे 19 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, 1996 च्या गोदावर्मन निकालातील वनाची व्यापक व्याख्या (शब्दकोशातल्या अर्थाने जे वन, ते सारे वन) तूर्त पाळावी, असे सांगितले. दुरुस्तीमुळे वनाची ही व्याख्या आक्रसेल ही टिपणांतली चिंता आणि न्यायालयापुढचा प्रश्न बऱ्याच अंशी एकच होता. भिन्नमताची टिपणे आधी का वाचायची, याचा याहून चांगला दाखला मला देता येणार नाही.

चौथ्या शनिवारी मी दुकानातून बाळहिरड्याची एक पिशवी सोबत नेली. हा माल जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरातून येतो. तेथील महादेव कोळी कुटुंबे कोवळी फळे झाडावरून उतरवून, वाळवून विकतात, आणि वाळताना वजनात जी तूट येते तिचा हिशेब आमच्याकडे आजही तोंडी चालतो. शिक्षकांनी ती काळी, सुरकुतलेली फळे टेबलावर ओतली आणि विचारले, या एका मुठीला दुरुस्त जैविक विविधता कायद्याचे कोणते शब्द लागू होतात, ते झाडापासून कारखान्यापर्यंत सांगा.

पुढचा दीड तास हा माझ्या दृष्टीने साऱ्या शुल्काची भरपाई होता. जैविक संपत्तीचा व्यापारी वापर करायचा तर राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावे लागते, हे सातवे कलम. दुरुस्तीने त्यातून संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान, लागवड केलेल्या औषधी वनस्पती आणि नोंदणीकृत आयुष वैद्य यांना सूट दिली. संहिताबद्ध म्हणजे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 याच्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांत आलेले ज्ञान. हिरडा तर त्या ग्रंथांत पानोपानी आहे. म्हणजे हिरड्याचे औषध करणाऱ्याला ज्ञानापोटी काही देणे लागत नाही. पण माझ्या पिशवीतला हिरडा शेतात लावलेला नव्हता, रानातला होता, त्यामुळे वस्तू म्हणून तो सातव्या कलमाखाली राहतोच. शेतातली अश्वगंधा असती, तर गावपातळीवरच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून उगमाचा दाखला घेऊन ती सुटली असती. ज्ञान आणि वस्तू यांतला हा भेद इतक्या सरळ शब्दांत मला आजवर कोणी सांगितला नव्हता.

त्यावर वर्गात गंभीर चर्चा झाली. कोणते फळ कोणत्या पंधरवड्यात उतरवायचे, कोणत्या झाडाला त्या वर्षी विश्रांती द्यायची, हे कोणत्याही संहितेत लिहिलेले नाही, ते त्या डोंगरातल्या लोकांना ठाऊक आहे. ते लोकजैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावाच्या जैविक संपत्तीची आणि तिच्याविषयीच्या ज्ञानाची नोंद ठेवणाऱ्या वहीत, उतरले नाही, तर कायद्याच्या नजरेला ते दिसणार कसे? ही नोंदवहीची कल्पना रुजवण्यात पुण्याच्याच माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा होता, हे येथे सांगितले गेले तेव्हा मला मनापासून समाधान वाटले. 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात भारतीय कंपन्यांनाही जैविक संपत्तीच्या वापरातून होणाऱ्या लाभातील वाटा द्यावा लागतो असा निर्णय दिला होता. त्या निकालानंतर तीन वर्षांनी आलेल्या विधेयकातल्या सवलतींकडे त्या पार्श्वभूमीवर पाहायला हवे, हे शिक्षकांचे म्हणणे रास्त होते. मी स्वतः व्यापारी असूनही हे लिहिते आहे, कारण डोंगरातून माल देणारा माणूस टिकला नाही, तर माझ्या दुकानात विकायला काही राहणार नाही.

शिक्षेच्या तरतुदीवर एक संपूर्ण सत्र झाले. सातव्या कलमाच्या भंगाला पूर्वी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होता. आता तुरुंगवास गेला आणि एक लाख ते 50 लाख रुपयांचा दंड आला, तोही न्यायाधीशाने नव्हे तर केंद्राच्या सहसचिव किंवा राज्याच्या सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याने ठरवायचा. कैदेची भीती गेली याचा मला दिलासा वाटतो, पण लहान दुकानदाराला एक लाखाचा किमान दंडही धंद्यातून उठवणारा आहे, हे मी वर्गातही सांगितले.

उणिवाही नमूद करायला हव्यात. वाटलेल्या मराठी टिपणात हिंदी मसुद्यातले शब्द जसेच्या तसे आले होते आणि ते उलगडून सांगण्यात दर वेळी दहा-पंधरा मिनिटे गेली. छायाप्रती इतक्या फिकट होत्या की तक्त्यांतले आकडे भिंग घेऊन वाचावे लागले. वन्यजीव विधेयकाला अवघे अर्धे सत्र मिळाले. अनुसूचींतल्या प्रजातींच्या नोंदींवर स्थायी समितीने बारकाईने काम केले होते, आणि पाळीव हत्तींची वाहतूक ‘धार्मिक किंवा अन्य कोणत्याही कारणासाठी’ करता येईल, या शब्दांवर तर एक स्वतंत्र दिवस द्यायला हवा होता. सर्वांत मोठी उणीव अशी की अभ्यासक्रम कायद्यापाशी थांबला. 2024 चे नियम आणि 2025 चे लाभवाटणीचे विनियम यांना हातही लागला नाही. आमच्यासारख्यांना रोज ज्यांच्याशी गाठ पडते, ते नियम आणि विनियमच असतात. अभिप्रायपत्रात मी हे लिहिले, तेव्हा पुढच्या तुकडीसाठी सातवा शनिवार जोडण्याचा विचार असल्याचे संयोजकांनी सांगितले.

टेकड्यांच्या संरक्षणासाठी धडपडणाऱ्या मंडळींना, ग्रामपंचायतींच्या जैवविविधता समित्यांवर असलेल्यांना आणि वनौषधींच्या व्यापारात असलेल्या प्रत्येकाला मी हा वर्ग सुचवेन. स्पर्धापरीक्षेच्या तयारीसाठी आलेली दोन मुले तिसऱ्या शनिवारनंतर आली नाहीत. मुद्देसूद नोट्स हव्या असणाऱ्यांसाठी हा वर्ग नाही. जाताना चष्मा, दोन रंगांच्या पेन्सिली आणि आपल्या गावच्या नोंदवहीची प्रत मिळाली तर ती सोबत न्यावी. माझ्याकडे ती नव्हती. वर्ग संपल्यानंतरच्या सोमवारी मी जुन्नरच्या आमच्या जुन्या पुरवठादाराला फोन करून त्यांच्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत हिरड्याविषयी काय लिहिले आहे ते विचारले. नोंदवही पाहून सांगतो, म्हणाले. दिवाळीनंतर मी स्वतःच तिकडे जाणार आहे.