द्राक्षबागेतून दिसलेली अमेरिका: ‘अमेरिकन स्टडीज’ या मायनर विषयाचे परीक्षण

नाशिकमधील एका स्वायत्त महाविद्यालयातून मी अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी. ए. पूर्ण केले आणि त्याच्या जोडीला ‘अमेरिकन स्टडीज’ हा मायनर विषय घेतला. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजरबरोबर मायनर घ्यावाच लागतो आणि बहुतेक जण वेळापत्रकात जो बसेल तो घेऊन मोकळे होतात. निकाल लागल्यापासून पुढच्या तुकडीतील मुलामुलींनी मला या विषयाबद्दल इतके प्रश्न विचारले आहेत की एकदा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले. महाविद्यालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि त्या कोणा व्यक्तीविरुद्ध नसून अभ्यासक्रम राबवण्याच्या पद्धतीविरुद्ध आहेत.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करते. ज्यांना अमेरिकेत शिकायला जायचे आहे त्यांच्यासाठी हा विषय आहे, असे आमच्या गावात सगळ्यांनी धरले होते. प्रवेशाच्या दिवशी माझ्या पुढे उभा असलेला मुलगाही व्हिसाच्या मुलाखतीला याचा उपयोग होईल म्हणूनच अर्ज भरत होता. तसा उपयोग होत नाही. हा त्या देशाच्या समाजाचा, इतिहासाचा आणि संस्कृतीचा अभ्यास आहे आणि एकाच प्रश्नाकडे अनेक विद्याशाखांच्या नजरेने पाहणे ही त्याची पद्धत आहे. अमेरिकेतील साहित्य आणि इतिहास या विषयांच्या प्राध्यापकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपापल्या विभागांच्या भिंती ओलांडून ती घडवली आणि १९५१ मध्ये त्यांची संघटना स्थापन झाली. भारतात १९६४ मध्ये हैदराबादला, उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात, या विषयाचे मोठे संशोधन केंद्र उभे राहिले.

आमच्या अभ्यासक्रमात प्रत्येकी चार श्रेयांकांचे पाच पेपर होते. पहिला इतिहासाचा, दुसरा साहित्याचा, तिसरा राज्यघटना आणि नागरी हक्कांचा, चौथा अर्थव्यवस्था आणि स्थलांतराचा, आणि पाचवा एकच वस्तू घेऊन तिचा सर्व अंगांनी अभ्यास करण्याचा. माझे मत मी इथेच नोंदवते: आंतरविद्याशाखीय हा शब्द माहितीपत्रकात पाचही पेपरांना लावलेला असला तरी तो खरा ठरला फक्त पाचव्या पेपरात. पहिल्या चार पेपरांत चार शिक्षक चार वेगळ्या वेळी येऊन आपापला विषय शिकवून गेले. त्यांतील काही तास उत्तम होते, पण एका शिक्षकाचे म्हणणे दुसऱ्याच्या कानावर कधी गेले नाही.

पाचव्या पेपरासाठी विभागाने द्राक्ष ही वस्तू निवडली होती. दिंडोरी तालुक्यात आमची तीन एकर बाग आहे. ‘थॉमसन’ हा शब्द मी बोलायला लागल्यापासून ऐकत आले आहे, तरीही हे कोणा माणसाचे नाव असेल असे माझ्या कधी मनात आले नव्हते. पहिल्याच तासाला वनस्पतिशास्त्राच्या सरांनी सांगितले की इंग्लंडहून येऊन कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या विल्यम थॉमसन यांनी १८७० च्या दशकात ही बिनबियांची जात तिथे लावली आणि तिला त्यांचे नाव पडले. जात मात्र मूळची पश्चिम आशियातील आणि फार जुनी. मग त्यांनी एक वाळलेली काडी आमच्या हातात फिरवली. ती डॉगरिजची होती. ज्या खुंटावर आमच्याकडे कलम भरतात तो डॉगरिज टेक्सासमधील रानद्राक्षातून निवडलेला आहे, आणि खारवट जमीन व पाण्याचा ताण सोसतो म्हणून तो आपल्याकडे रुजला. ती काडी मी घरी आणली. वडिलांनी ती नखाने सोलून पाहिली आणि बराच वेळ हातात धरून ठेवली.

इथपर्यंत ही चांगली माहिती होती. अभ्यास सुरू झाला तो पुढच्या आठवड्यात, जेव्हा राज्यशास्त्राच्या मॅडम आणि अर्थशास्त्राचे सर एकाच तासाला वर्गात आले. विषय होता डेलॅनोचा संप. कॅलिफोर्नियातील डेलॅनो या गावी ८ सप्टेंबर १९६५ रोजी लॅरी इटलिआँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी द्राक्षबागांतील काम थांबवले आणि आठवडाभरात सीझर चावेझ आणि डोलोरेस वेर्टा यांच्या संघटनेतील मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. संप मोडेल अशी सगळी लक्षणे असताना तो पाच वर्षे टिकला आणि १९७० मध्ये बागायतदारांनी करारांवर सह्या केल्या. हे कसे घडले, हे एकट्या इतिहासाच्या पुस्तकातून मला कळले नसते.

मॅडमनी कायदा समजावून सांगितला. १९३५ च्या कामगार कायद्याने कारखान्यांतील कामगारांना संघटित होऊन मालकाशी वाटाघाटी करण्याचा हक्क दिला, पण शेतमजुरांना त्यातून वगळले. पुढे १९४७ मध्ये, ज्या दुकानदाराशी थेट वाद नाही त्याच्यावर बहिष्काराचा दबाव आणण्यास संघटनांना मनाई झाली. शेतमजूर मूळ कायद्याच्याच बाहेर असल्यामुळे ही मनाई त्यांना लागू होत नव्हती, आणि ज्या वगळण्यामुळे त्यांच्यावर अन्याय झाला होता त्यातूनच त्यांना बहिष्काराची वाट सापडली. लगेच सरांनी टेबलावर द्राक्षांच्या दोन रिकाम्या पेट्या ठेवल्या, एकाच पॅकहाऊसमधून आणलेल्या पण वेगवेगळ्या छापाच्या, आणि विचारले की यांतला माल कोणाच्या बागेतला आहे हे ग्राहकाला कसे कळणार. डेलॅनोत हेच झाले होते. आधी एकाच मोठ्या कंपनीच्या द्राक्षांवर बहिष्कार पुकारला गेला, तेव्हा त्या कंपनीने इतर बागायतदारांची लेबले लावून माल विकला, म्हणून १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सगळ्याच खायच्या द्राक्षांवर बहिष्कार जाहीर करावा लागला. त्याच आठवड्यात मराठीच्या सरांनी मजुरांच्या ‘तेआत्रो काम्पेसिनो’ या नाटकमंडळीबद्दल सांगितले. ती मंडळी ट्रकच्या उघड्या हौद्यावर छोटे प्रवेश करीत असे. मग सर भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांकडे वळले, आणि संपाला गाणे आणि नाटक का लागते या एका प्रश्नावर तो तास संपला. अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात जे वचन दिले होते ते या दोन आठवड्यांत पूर्ण झाले.

घरी हे सगळे सांगितल्यावर वडिलांनी एकच प्रश्न विचारला: “अगं, मग त्या सालात त्यांनी थिनिंग कोणाकडून करून घेतलं?” थिनिंग म्हणजे घडांतील मण्यांची विरळणी. मला उत्तर देता आले नाही. पुढच्या तासाला मी तो प्रश्न वर्गात मांडला, आणि त्यातून स्थलांतराचा अख्खा धडा उलगडला. १९४२ पासून ‘ब्रासेरो’ योजनेखाली मेक्सिकोतून मुदतीच्या करारावर मजूर आणले जात होते आणि १९६४ च्या अखेरीस ती योजना बंद झाली, म्हणजे संपाच्या आधीच्या वर्षी. बागायतदारांनी संप काळात बाहेरून मजूर आणले खरे, पण पूर्वीसारखी सरकारी व्यवस्था त्यांच्या हाताशी राहिली नव्हती. बागायतदाराच्या पोटतिडकीतून आलेला प्रश्न आणि कायद्याच्या पुस्तकातील तारीख अशी एकमेकांना भिडताना मी पहिल्यांदाच पाहिली.

याच पेपराच्या प्रकल्पासाठी मी गिरणारे येथे सकाळी भरणाऱ्या मजुरांच्या बाजारात गेले. पेठ आणि सुरगाण्याकडून आलेल्या बायका तिथे टोळीटोळीने बसलेल्या असतात, पिशवीत भाकरी आणि कात्री. आमच्या बागेत दर हंगामाला अशाच टोळ्या येतात. ऑक्टोबर छाटणी, डिपिंग म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे, विरळणी, सगळे त्यांच्या हातून होते, आणि तरीही मी त्यांच्याशी कामाव्यतिरिक्त कधी बोलले नव्हते, हे मला तिथे बसल्यावर जाणवले. उक्त्या कामाची बोलणी मुकादम करतो, आणि टोळीतील बाईला एकरी किती ठरले हे पुष्कळदा काम सुरू झाल्यावर कळते. डेलॅनोच्या करारांनी ज्या गोष्टी बदलल्या त्यांत हीसुद्धा होती: मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या जागी संघटनेने स्वतःचे नोंदणी कार्यालय उघडले आणि कामाचा क्रम तिथे ठरू लागला. प्रकल्पात मी दोन्ही पद्धती शेजारी शेजारी मांडल्या. तो वाचून वडील काही दिवस गप्प होते, पण त्या हंगामात त्यांनी ठरलेला दर टोळीसमोर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला.

आता उणिवा. पहिल्या पेपरात अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या इतिहासाला केवळ दोन तास दिले गेले. मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीतून हलवण्याचा १८३० चा कायदा, चेरोकी जमातीची १८३८-३९ मधील सक्तीची पायपीट म्हणजे ‘अश्रूंची वाट’, १८९० मधील वुंडेड नी येथील हत्याकांड, एवढे फळ्यावर लिहून झाले आणि आम्ही औद्योगिकीकरणाकडे वळलो. जाता जाता सरांनी १८८७ च्या डॉज कायद्याचा उल्लेख केला. जमातीच्या सामायिक जमिनीचे तुकडे करून कुटुंबप्रमुखाला साधारण १६० एकर द्यायचे आणि उरलेली जमीन बाहेरच्यांना मोकळी करायची, असा तो कायदा. १८८७ मध्ये मूळ रहिवाशांकडे सुमारे १३.८ कोटी एकर जमीन होती, ती १९३४ पर्यंत सुमारे ४.८ कोटी एकरांवर आली. सुरगाण्याची माझी एक वर्गमैत्रीण उभी राहिली आणि तिने विचारले की तिच्या गावात वनहक्काचे वैयक्तिक दावे भरायचे की सामूहिक यावर वाद चालू आहे, तर या कायद्यावरून तिच्या गावाने काय समजून घ्यावे. तिचे आईवडील मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या शेतकरी मोर्चात चालले होते. त्या वर्गात याहून महत्त्वाचा प्रश्न वर्षभरात कोणी विचारला नसेल. सरांनी प्रश्नाचे मनापासून कौतुक केले, पण भाग पूर्ण करायचा असल्याचे सांगून ते पुढे गेले. राज्यशास्त्राच्या मॅडम त्या तासाला असत्या तर २००६ चा वनहक्क कायदा आणि डॉज कायदा शेजारी ठेवून आठवडाभर शिकवता आले असते. ही संधी गेली याचे मला आजही वाईट वाटते.

तिसऱ्या पेपरात अभ्यासाची सामग्री फारच चांगली होती, पण सांधणारे कोणी नव्हते. महात्मा फुले यांनी १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले, डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या निवेदनाची प्रत मागितली, अमेरिकेतील ओकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर ही कृष्णवर्णीयांची संघटना आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. हे दुवे आम्हाला टिपणांच्या एका पानावर मिळाले. काळाराम मंदिर आमच्या महाविद्यालयापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहे. तिथे २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, आणि डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेतील मॉन्टगोमेरीत कृष्णवर्णीयांचा बसवरील बहिष्कार. या दोन लढ्यांची तुलना करायला नाशिकइतकी योग्य जागा दुसरी कोणती असेल? आम्हाला तिथे एकदाही नेले नाही. आम्ही चौघी मैत्रिणी एका रविवारी टिपणे घेऊन स्वतःच पंचवटीत गेलो.

परीक्षेची पद्धत ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. शिकवताना विचार करायला लावायचे आणि प्रश्नपत्रिकेत व्याख्या आणि टिपा विचारायच्या, यात विद्यार्थ्यांचे नुकसान आहे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या अमेरिकन लाल मिलोबद्दल, म्हणजे तिथल्या लाल ज्वारीबद्दल, मी आजीची मुलाखत घेऊन एक लेख लिहिला होता. भाकरी कशी तुटायची, गुरांनाही ती कशी नकोशी व्हायची, हे तिने तपशिलाने सांगितले होते. मौखिक इतिहास हा या विषयाचा मान्य मार्ग आहे, तरी अंतर्गत मूल्यमापनात माझे गुण कापले गेले आणि कारण लिहिले होते, ‘पृष्ठसंख्या अपुरी’. ग्रंथालयाची स्थितीही बेताची आहे. मुख्य संदर्भग्रंथांच्या मोजक्या प्रती, त्याही फक्त इंग्रजीत, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले सत्र जड जाते. शुल्क वेगळे पडत नाही.

या विषयाला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन, आणि त्यांतील बहुतेक पाचव्या पेपराचे आहेत. जे हा विषय घेणार असतील त्यांनी विभागाला आधीच विचारावे की कोणत्या तासांना दोन शिक्षक एकत्र येणार आहेत, आणि असे तास वाढवून मागावेत. मी तसा लेखी अर्ज विभागाकडे दिला आहे आणि सुरगाण्याच्या मैत्रिणीनेही त्यावर सही केली आहे. प्रकल्पाचा विषय दिवाळीपूर्वी पक्का करा. ऑक्टोबर छाटणीनंतर टोळ्या बागांवर मुक्कामाला जातात आणि मग गिरणाऱ्याला सकाळी सातला गेलात तरी निवांत बोलायला फारसे कोणी भेटत नाही.