टर्बोचं काम केलं त्याला १४ महिने झाले: २०१३ च्या डिझेल गाडीचा अनुभव

गाडी २०१३ ची. १.३ लिटर टर्बो डिझेल हॅचबॅक. टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा. २०१७ मध्ये सेकंडहँड घेतली तेव्हा ५८,००० किलोमीटर झाले होते, आज मीटरवर १,७८,००० आहेत. टर्बोचं काम १,६२,००० ला केलं. काम झाल्या झाल्या गाडी सगळ्यांनाच चांगली वाटते, म्हणून एक पावसाळा, एक उन्हाळा आणि घाटाच्या दहा-बारा फेऱ्या झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

दुखणं उघडं पडलं खंबाटकीत. पुण्याहून कराडला येत होतो, मागे आई-वडील बसलेले. चढावर तिसऱ्या गिअरलाही गाडी ओढेना. पाय पूर्ण दाबला तरी इंजिनच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला २,२०० च्या वर जाईना. इंजिनचा दिवा लागला, बॉनेटखालून सायरनसारखी बारीक शिट्टी यायला लागली आणि आरशात निळसर धूर दिसला. मी तशीच दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढवून गाडी घरी आणली. हे करायला नको होतं. टर्बोचं सील गेलं की तेल इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत उतरतं, आणि डिझेल इंजिन ते तेलच इंधन म्हणून जाळायला लागलं तर चावी बंद केली तरी थांबत नाही, वेग वाढतच जातो. त्या दिवशी तसं झालं नाही. पण निळा धूर आणि शिट्टी एकत्र आली, तर गाडी बंद करा आणि टो करून न्या.

सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला, पी०२९९ कोड आला. म्हणजे टर्बोचा दाब कमी पडतोय. नवा टर्बो, चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे), ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात वळवणारी झडप) असं धरून १ लाख १८ हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. बॉनेट उघडून पाइपला हातही लावला नव्हता. तशाच अवस्थेत गाडी विकली असती तर फार तर दीड लाख आले असते. आठवडाभर घरात हाच विषय होता. पत्नीचं म्हणणं, गाडी काढून टाकू. मला ते पटत नव्हतं, कारण त्या पैशांत मिळणारी दुसरी जुनी गाडी आतून कशी आहे हे कोण सांगणार?

शेवटी गावातल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "सर, टर्बो गेलाय हे खरंय. पण कशानं गेला ते आधी बघू. नायतर नवा बसवाल आणि सहा महिन्यांनी परत याल."

त्यांनी टर्बोकडे येणारा एअर फिल्टरचा पाइप काढला आणि मला बोट आत घालायला सांगितलं. पंख्याचा दांडा दोन बोटांत धरून हलवला तर तो वर-खाली तर हलत होताच, आत-बाहेरही खटखट सरकत होता. वर-खाली किंचित खेळ असतोच, कारण दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. आत-बाहेरचा खेळ हाताला जाणवला की थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे दांड्याला आत-बाहेर सरकू न देणारं बेअरिंग, संपलं. पंख्याच्या पात्यांच्या कडा टर्बोच्या घराला (बाहेरच्या आवरणाला) घासून चकचकीत झाल्या होत्या.

मग टर्बोला तेल देणारी बारीक पाइप काढली. तिचा बोल्ट आतून पोकळ असतो. मिस्त्रींनी तो डिझेलमध्ये न धुता तसाच उजेडात धरला. आरपार काहीच दिसेना. टाचणीनं कोरल्यावर डांबरासारखा काळा, कडक थर निघाला. तो बोल्ट मी अजून घरी डबीत ठेवलाय. मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेणारा दांडा, आणि त्याला तेल मिळत होतं थेंबाथेंबानं.

याला कारण मीच. २०२० आणि २०२१ मध्ये गाडी फारशी फिरली नाही. दूध, दवाखाना, स्टेशन, असं दोन-तीन किलोमीटरचं रनिंग. दहा हजार किलोमीटर झाले नाहीत म्हणून मी तेल बदललंच नाही, एकच तेल दोन वर्षं वापरलं. पुस्तिकेत 'दहा हजार किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' असं स्वच्छ लिहिलंय. त्यात छोट्या फेऱ्यांमध्ये इंजिन पुरतं तापत नाही, तेलात ओल आणि काजळी साठत जाते. शिवाय हायवेवरून आल्या आल्या चावी फिरवायची माझी सवय. इंजिन थांबलं की तेलाचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या टर्बोत उरलेलं तेल जळून चिकटतं.

खर्च करायचा की नाही हे ठरवण्याआधी इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते, तपासायचा आग्रह मी धरला, आणि या सगळ्यात हा एक निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारा) काढून त्या जागी गेज लावतात, तासाभराचं काम. चारही सिलिंडर २६ ते २८ बारच्या दरम्यान आले. एखादा १८-२० वर आला असता तर मी टर्बोवर एक रुपया घातला नसता, गाडी विकली असती. इंजेक्टरचा परतावा, म्हणजे न फवारता परत येणारं डिझेल, बाटल्या लावून मोजला. तिसऱ्याचा थोडा जास्त होता, बाकी तीन ठीक. म्हणजे चार इंजेक्टर बदलायची गरजच नव्हती.

टर्बोसाठी तीन पर्याय होते. नवा पूर्ण टर्बो ३६ हजार, भंगारातला ९ हजार, किंवा घर तेच ठेवून आतला बॅलन्स केलेला नवा कोअर (दांडा, पंखे आणि बेअरिंगचा जोड) १४,५०० ला. भंगारातल्या टर्बोनं आधी कुणाचं, कसलं तेल प्यायलंय हे कळायला मार्ग नाही, म्हणून तो सोडला. टर्बाइनच्या, म्हणजे गरम धुराच्या बाजूच्या घराला तडा नव्हता, म्हणून कोअर घेतला. त्याबरोबर तेलाची नवी पाइप आणि बोल्ट, नवे वायसर, चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) उघडून आतली जाळी साफ, टर्बोतून तेल परत नेणारी पाइप साफ, नवा एअर फिल्टर. टर्बोतून आलेली हवा थंड करणारा इंटरकूलर उलटा केला तर त्यातून कपभर तेल निघालं. ते तसंच राहिलं असतं तर नव्या टर्बोच्या पहिल्याच जोरावर इंजिननं ओढून घेतलं असतं. ईजीआर बंद करून टाका असं एकानं सुचवलं होतं. मी तो साफ करून परत बसवला, जास्तीचे विषारी वायू दुसऱ्यांच्या तोंडावर सोडायचे नव्हते.

सुरू करण्याआधी मिस्त्रींनी टर्बोत हातानं तेल भरलं, इंजेक्टरचे कनेक्टर काढले आणि तेलाचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारला. तुमच्याकडे काम होईल तेव्हा ही पायरी उभं राहून बघा. घाई करणारे नेमकी हीच गाळतात आणि नवा कोअर पहिल्या मिनिटात कोरडा फिरतो. सगळं मिळून बिल २९,८०० झालं.

त्यानंतरच्या १४ महिन्यांत १६,००० किलोमीटर झाले. पहिलं तेल १,००० ला बदललं, नंतर दर ५,००० ला. आधी हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल घालावं लागत होतं, आता दोन बदलांच्या मध्ये घालावं लागत नाही. हायवेला अॅव्हरेज १७ वर आलं होतं, आता २०-२१ मिळतं.

चौथ्या महिन्यात पुन्हा तोच कोड आला आणि माझ्या पोटात गोळा आला. निघालं काय, तर इंटरकूलरचा होज क्लिपखाली चिरला होता. ९०० रुपयांत मिटलं. डिसेंबरात सकाळी सुरू करताना दोन-तीन सेकंद साखळीचा खडखड आवाज यायला लागला. व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारी ही टायमिंग चेन ताणून सुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच जातं, म्हणून तिथे वाट पाहिली नाही. चेन, टेन्शनर आणि गाइड बदलले, १७ हजार गेले. तिसरा इंजेक्टरही त्याच वेळी दुरुस्त करून घेतला.

नोंदणी २०२८ पर्यंत आहे. तेव्हा फिटनेस आणि पर्यावरण कर भरायचा की नाही, हे आधी पुन्हा कॉम्प्रेशन मोजूनच ठरवणार. हेड किंवा क्रँकचं काम निघालं तर मात्र गाडी ठेवणार नाही, हे घरात बोलून झालंय.

सध्या परतीच्या पाइपच्या जोडाशी तेलाचा हलका ओलावा दिसतोय. रविवारी पुसून खाली कागद ठेवला होता, रात्रभरात थेंब पडला नाही. पुढच्या तेलाला वायसर बदलून घेणार आहे.