राउटरचा मिनी यूपीएस: आधी दिवे बघा, मग जेल रोडला जा

राउटरसाठी मिळणारा मिनी यूपीएस, म्हणजे लाइट गेली तरी राउटर चालू ठेवणारी बॅटरीची छोटी डबी, मी गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर घेतला. त्याने पावसाळा काढला, यंदाचा उन्हाळाही काढला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. निकाल आधीच सांगतो: वस्तू कामाची आहे, तेराशे रुपये वसूल झाले. पण दुकानदार जे सांगून ती विकतात त्यातलं निम्मं फुगवलेलं असतं, आणि ज्यांच्या नेटचं दुखणं वेगळं आहे त्यांना तिचा काडीचा उपयोग नाही. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानांत हीच डबी, त्याच साच्यातली, वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत मिळते.

मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं इंदूरच्या एक्स्चेंजमध्ये, बॅटरी रूमच्या आसपास गेली. आजच्या मुलांना सांगून पटत नाही, पण पूर्वी अख्ख्या मोहल्ल्याची लाइट गेली तरी घरातला फोन चालू असायचा. तांब्याच्या दोन तारांवरून एक्स्चेंजकडून ४८ व्होल्ट डीसी यायचे. दोन-दोन व्होल्टचे २४ सेल एका ओळीत जोडलेले. लाइट गेली तर भार त्यांच्यावर, ते उतरायला लागले की जनरेटर. ग्राहकाला फोनसाठी घरची वीज लागतच नव्हती. आता नेट फायबरवरून येतं, आणि फायबर म्हणजे काच. काचेतून प्रकाश येतो, करंट येत नाही. त्यामुळे बॅटरी सांभाळायचं जे काम आम्ही एक्स्चेंजमध्ये करत होतो ते आता गुपचूप ग्राहकाच्या गळ्यात पडलं आहे. माझं मत विचाराल तर कनेक्शन देतानाच राउटरसोबत बॅटरी द्यायला हवी. कोणी देत नाही, म्हणून जेल रोडवाल्यांचा धंदा चालतो.

आमचं घर लोकमान्य नगरात. सून पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. घरात इन्व्हर्टर आहे, दीडशे एएचची बॅटरी आहे, लाइट गेली तर पंखा गिरकीसुद्धा चुकवत नाही. तरी लाइट गेली की वरच्या खोलीतून आवाज यायचा, "बाबा, मी परत मीटिंगच्या बाहेर!" आणि कधीकधी लाइट न जाताही यायचा. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला की एकच मंत्र: राउटर बंद करा, तीस सेकंद थांबा, चालू करा. नेट बहुतेक वेळा येतंसुद्धा. पण बंद-चालू केलं की बिघाडाच्या क्षणी कुठला दिवा कसा होता हे कळायचा मार्ग संपतो. लाइनमन खांबावर चढण्याआधी टेस्ट डेस्कला विचारायचा, तशी इथेही आधी दिव्यांना विचारायची पद्धत हवी.

म्हणून सूनबाईला सांगितलं, नेट गेलं की राउटरला हात लावायचा नाही. आधी त्याच्याकडे बघायचं आणि वेळ व दिवे वहीत लिहायचे. तिला सुरुवातीला हे सगळं सरकारी वाटलं. पण वही भरत गेली तसं दिसलं की एका नावाखाली तीन वेगवेगळी दुखणी नांदत होती.

पहिलं: सगळे दिवे विझतात आणि मग एकेक करून लागतात. पॉवर लागतो, मग पॉन नावाचा, फायबरची जोडणी दाखवणारा दिवा उघडझाप करत राहतो, तो स्थिर झाला की नेट येतं. याचा अर्थ राउटरचा करंट तुटला आणि तो पहिल्यापासून सुरू झाला. इन्व्हर्टर असताना? हो, असतानाच. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरच्या आत रिले, म्हणजे आपोआप फिरणारा स्विच, इकडून तिकडे पडतो, त्याला काही मिलिसेकंद लागतात. पंख्याला तेवढ्यात काही होत नाही, त्याचा वेग त्याला सांभाळून नेतो. राउटरच्या फुकट आलेल्या अडॅप्टरमध्ये मात्र तेवढा दम धरण्याएवढी साठवण नसते. मल्टिमीटरला हा खड्डा दिसत नाही, राउटरला दिसतो. आणि त्या एका डोळा मिचकावण्याची किंमत दोन-तीन मिनिटं, कारण राउटरला उठून, कंपनीच्या यंत्राकडे हजेरी लावून, मग कामाला लागायचं असतं.

यावर एक फुकटचा उपाय आहे, तो आधी करून बघा. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरवर यूपीएस मोड आणि साधा मोड असं बटण असतं, बरेचदा मागच्या बाजूला. आमचं साध्यावर होतं. ते फिरवल्यावर बदल जलद होतो आणि फरक पडला, पण पूर्ण नाही. जूनमध्ये वारं सुटलं आणि लाइट लपाछपी खेळायला लागली की राउटर अधूनमधून बसायचाच. तेव्हा जेल रोड गाठला.

दुसऱ्या दुखण्यात पॉवरचा दिवा हिरवा असायचा पण एलओएस लाल. लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे फायबरमधून प्रकाशच पोचत नाही. याला कुठलाही यूपीएस चालत नाही. राउटरच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून जे उघडतं तिथे, ऑप्टिकल पॉवर नावाचा आकडा असतो. पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या पोटावर छापलेले असतात. आकडा उणे असतो आणि डीबीएममध्ये, म्हणजे प्रकाशाचा जोर मोजायच्या मापात, असतो. उणे पंधरा ते पंचवीसच्या दरम्यान असेल तर ठीक. घरोघरी फायबरचा जो जीपॉन प्रकार असतो त्यात साधारण उणे २७ ही कुंपणाची रेघ समजा, त्याखाली प्रकाश अपुरा. आमचा आकडा उणे २७ आणि २८ यांच्यामध्ये डोलत होता. वायर हाताने चाचपत गेलो तर सुताराने बसवलेल्या टीव्हीच्या कपाटामागे तिला काटकोनात दुमडून वर खिळपट्टी मारलेली. वायर सैल करून गोलाईने वळवली, आकडा उणे २१ वर आला, लाल दिवा त्यानंतर दिसला नाही. काच वाकवली की प्रकाश वळणावर बाहेर गळतो, इतकंच. एक सावधगिरी: फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. तो प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, म्हणून निरुपद्रवी आहे असं समजू नका. आणि हिरव्या टोपीचं कनेक्टर निळ्या सॉकेटमध्ये घालू नका, त्यांचे काप वेगळे असतात.

तिसऱ्यात सगळे दिवे शहाण्यासारखे हिरवे, तरी वरच्या खोलीत नेट रखडतं. तिथे मी लॅपटॉपला लॅनची वायर लावून बघितली. वायरवर सगळं सुरळीत, म्हणजे दोष वायफायचा. आमच्या ओळीत घरं खेटून, प्रत्येकाचा राउटर २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो, आणि तिथे एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. जो मोकळा होता तो लावला, राउटर लोखंडी कपाटाच्या वरून काढून जिन्यात टांगला. एवढ्यावर भागलं. मेश-बिश, म्हणजे घरभर लावायचे जादा वायफायचे डबे, घ्यायला मुलगा निघाला होता, त्याचे पैसे वाचले.

म्हणजे डबीच्या वाट्याला तिघांतलं एकच दुखणं आलं. आता तिच्याविषयी.

दुकानदार म्हणाला, "अंकल, आठ घंटे आराम से." खोक्यावर ८००० एमएएच छापलेलं. बॅटरीच्या साठवणीचा हा आकडा खोटा असतोच असं नाही, पण तो ३.७ व्होल्टचा असतो, आणि राउटर १२ व्होल्टवर चालतो. दोन्हींची तुलना करायची तर वॅट-तास काढा: ८ गुणिले ३.७, म्हणजे सुमारे ३० वॅट-तास. व्होल्टेज वर चढवताना थोडं उष्णतेत जातं, हाती पंचवीस राहतात. आमच्या राउटरवर १२ व्होल्ट १ अँपियर लिहिलंय, पण ती कमाल मर्यादा. मीटर लावला तर तो ०.६ अँपियरच घेतो, म्हणजे सात वॅटच्या आसपास. हिशेबाने साडेतीन तास यायला हवेत. मेन स्विच खाली करून बघितलं तर सव्वातीन तास चालला. मला हे चांगलं वाटलं. आठ तास ऐकून घेतलेल्या माणसाला फसवणूक वाटेल.

पण इन्व्हर्टरवाल्या घराला तासांची गरजच नाही. डबीने फक्त तो रिलेचा खड्डा भरायचा, मग इन्व्हर्टरची वीज येते आणि डबी पुन्हा चार्ज होत बसते. अशा घरात स्वस्त, लहान डबीही तेच काम करेल. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी मात्र वॅट-तास बघूनच घ्यावी.

खरेदी करताना मी काय बघितलं ते सांगतो. आत चार सेल आहेत असा दावा होता. १८६५० नावाने ओळखला जाणारा एक सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो, चारांचे झाले १८० ग्रॅम, वर सर्किट आणि डबी. पहिल्या दुकानातली डबी हातात घेतली तर पिसासारखी. शेजारच्या काट्यावर ठेवायला सांगितली तर दुकानदार म्हणाला, "अरे भिया, आप तो सराफे वाले निकले." वजन दीडशेसुद्धा भरलं नाही. दुसऱ्या दुकानातली घेतली. मागे बीआयएसची खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघा. लिथियमची वस्तू चोवीस तास घरात प्लगला राहणार आहे.

जोडणी सोपी आहे: राउटरचा जुना अडॅप्टर डबीत, डबीची वायर राउटरमध्ये. मात्र राउटर १२ व्होल्टचा आहे की ९ चा हे त्याच्या पोटावर वाचूनच. काही डब्यांना दोन्ही भोकं असतात, आणि ९ च्या राउटरला १२ दिले तर यूपीएसच्या जोडीला राउटरही घ्यावा लागेल. मधली पिन धन आहे की ऋण याचं चिन्ह दोन्हीकडे सारखं हवं. आमच्या डबीची पिन राउटरमध्ये किंचित सैल बसत होती. बाहेरून बहुतेक ५.५ मिलिमीटरच्या, पण आतलं भोक कुणाचं २.१, कुणाचं २.५. दुसरी वायर दुकानदाराने कुरकुरत बदलून दिली. वायर जेमतेम वीतभर आहे, हीसुद्धा तक्रारच. डबी राउटरला चिकटून ठेवावी लागते आणि दोघं एकमेकांना तापवतात. मे महिन्यात डबी हाताला चांगलीच कोमट लागायची. मी ती राउटरखालून काढून बाजूला भिंतीवर दोन स्क्रूंवर टांगली. कपाटात, पडद्यामागे, टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सवर ठेवू नका.

फायदा काय झाला म्हणाल, तर वहीतला पहिला प्रकार बंद झाला. सानंदच्या नाटकाला आम्ही दोघं गेलो असताना वादळ झालं, लाइट बऱ्याच वेळा गेली-आली. परत आलो तर सूनबाईला ते कळलंही नव्हतं, ती हेडफोन लावून बसलेली. आमच्या हिचं म्हणणं, तेराशे रुपयांत घरात शांतता आली हे लिहा. लिहिलं.

आता समोरच्या काकांचं. आमच्याकडची डबी बघून त्यांनीही लगेच एक आणायची ठरवली. मी आधी त्यांची जोडणी बघायला गेलो. त्यांच्याकडे फायबर येतच नाही. केबलवाल्याचा स्विच, म्हणजे घरोघरी नेट वाटणारी पेटी, दोन घरं पलीकडच्या गच्चीवर एका पत्र्याच्या पेटीत आहे आणि तिथून निळी लॅनची वायर गच्च्यांवरून त्यांच्या खिडकीत उतरते. तो स्विच त्या घराच्या विजेवर चालतो. मोहल्ल्याची लाइट गेली की आधी तोच झोपतो. काकांचा राउटर मग डबीच्या जोरावर तासन्‌तास जागा राहील, दिवे सगळे लागलेले आणि नेट शून्य. फायबरवाल्यांचं तसं नसतं. वाटेत एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारे जे स्प्लिटर असतात त्यांना वीज लागत नाही, पलीकडच्या टोकाचं यंत्र कंपनीच्या बॅटरीवर असतं. काकांना सांगितलं, डबी आणू नका, केबलवाल्याला त्या पत्र्याच्या पेटीत बॅटरी ठेवायला लावा, त्या स्विचवर जितकी घरं असतील त्यांनी वर्गणी काढली तरी परवडेल. केबलवाला म्हणतो, बघतो. काका रोज संध्याकाळी त्याला फोन करतात.