राजारामपुरीतील कायदा-साक्षरता वर्ग : अभिप्राय
कोल्हापुरातील या सशुल्क वर्गात सहभागींना आधी गुन्ह्यांची गंभीरतेनुसार क्रमवारी लावायला सांगतात, आणि बहुतेकांनी गळ्यातील मंगळसूत्र हिसकावणे हा गुन्हा फसवणुकीच्या कितीतरी वर ठेवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र हिसकावणीला (कलम ३०४) ३ वर्षांपर्यंत, तर फसवून मालमत्ता मिळवण्याला (कलम ३१८) ७ वर्षांपर्यंत कारावास आहे, हे मार्गदर्शक वकिलांनी कलमे वाचून दाखवत नेमकेपणाने उलगडले. धास्ती वाटते ती रस्त्यावरच्या चोराची. ठेव बुडवणारा बहुधा ओळखीचा आणि गोड बोलणारा असतो, हे त्यांचे स्पष्टीकरण मला पूर्णपणे पटले. शुल्क वाजवी आहे. अन्नभेसळीला दिलेला वेळ मात्र फारच अपुरा होता. गुळाच्या या बाजारपेठेत तो विषय सविस्तर हवा.